होडीवाल्याचे पैसे

पास्कोल गेला त्याच्या पुढच्या वर्षी
त्याच्या बहिणीचा फ्रिज मी दुरुस्त केला.
मजुरीऐवजी तिने एक खोकं दिलं,
बिस्किटांचं, सुंभाने बांधलेलं.
आत एकतीस डीव्हीड्या.
बोटीवर कुक होता पास्कोल.
कोबेच्या बंदरात माल उतरेपर्यंत
बाकीचे खलाशी घड्याळं घेत हिंडायचे,
हा हे घ्यायचा.

बंदीचे दिवस. वेंगुर्ल्याच्या होड्या झापांखाली.
बर्फाच्या कारखान्यात लादी नाही, गिऱ्हाईक नाही,
अमोनियाचा वास तेवढा ड्युटीवर.
टीव्ही लावला. काळंपांढरं गवत हललं.
सेट बिघडला वाटून मी एक थापटी मारली,
तरी गवतच.

मग गवतातून एक माणूस आला.
केसांची गाठ, पेंढ्याच्या वहाणा,
कमरेला दोन तलवारी आणि पोटात काही नाही.
भात मागतानाही मान ताठ.
ह्याला मी पाहिलाय कुठेतरी, म्हटलं.
रात्रभर आठवेना.
सकाळी सगुण धुरी सायकलवरून गेला,
तेव्हा आठवलं.

सगुण. अडतीस वर्षं दशावतारात राजा,
दिवसा काजूच्या फॅक्टरीत गोणी उचलायला.
रात्री मुकुट, पहाटे पेटाऱ्याला टेकून झोप.
त्याला बोलावलं. तंबाखू मळत बसला.
खाली इंग्रजी अक्षरं यायची,
मी अडखळत मराठी करून सांगायचो:
तुझा धनी कोण?
माझा धनी मेला.
सगुण म्हणाला, "वाचू नको रे. दिसता."

त्या दिवसापासून मी वाचलं नाही.

पाऊस पडायचा त्या पडद्यावर, आमच्यासारखाच आडवा,
आणि कोणी आडोशाला जात नसे.
"न्युमोनिया होतलो," सगुण म्हणायचा,
पण खुर्ची पुढे ओढायचा.
बाहीला दोरी कशी बांधली त्यावरून
कोण मरणार ते तो आधी सांगू लागला.
तीनदा चुकला. तिन्ही वेळा हळहळला.

एकदा त्याची बायको यमुना त्याला न्यायला आली.
दारातच थांबली, टॉर्च पेटलेलाच.
पडद्यावर एक बाई नवऱ्याचे कपडे घड्या घालत होती
आणि नवरा न बोलता निघून जात होता.
"रडाक नाय ती," यमुना म्हणाली.
मग आत येऊन बर्फाच्या रिकाम्या साच्यावर बसली.
टॉर्च विझवायचं राहूनच गेलं.

आणि तो तरीवरचा सीन.
दोघे समोरासमोर, मध्ये पाणी गुडघाभर,
मागे होडीवाला, हातात वल्हं,
कुणाला पलीकडे न्यायचं ते ठरेपर्यंत थांबलेला.
कोणी हलत नाही.
एक बगळा उतरतो, कंटाळून उडतो.
मी मिनिटं मोजली नाहीत, पण चहावर साय धरली.
मग एकच पाऊल, एकच वार,
आणि पाणी पुन्हा सपाट.
सगुण बराच वेळ गप्प.
"आमी रात्रभर बोलतव नि कोण मरणा नाय.
ह्यो बोललोच नाय."

कार्तिकात रवळनाथाची जत्रा.
दैत्य गर्जत आला, बंड्या गावडे, घसा बसलेला.
आता सगुणच्या तोंडून अर्धा तास
आकाशपाताळ एक व्हायचं,
लोक त्यासाठीच तर खाजं खात जागे.
सगुण उभा.
मृदंगावर हात तसाच अधांतरी,
पायपेटीवाला चष्म्यावरून बघतोय.
सगुणचा अंगठा लाकडी तलवारीच्या मुठीवर.
मागून कोणीतरी ओरडलं, "इसारलो रे सगुणो!"
हसू उठलं,
आणि मग, का कोण जाणे, बसलं.
शेंगा सोलायचा आवाजसुद्धा थांबला.
बंड्या एक पाऊल मागे सरला.
मला वाटतं, त्याने ते ठरवलेलं नव्हतं.

मग सगुणने तोंड उघडलं, नेहमीचं सगळं बोलला,
आकाशपाताळ वगैरे, घाईत, जरा ओशाळून.

पहाटे रंग अर्धा पुसलेला,
माझ्या मागे स्कूटरवर बसून आला.
बंदराच्या उताराला म्हणाला,
"खोक्यात किती ऱ्हवली?"
नऊ, म्हटलं.
थोडा वेळ नुसतं इंजिन.
मग माझ्या कानाशी, वाऱ्यातून:
"त्या होडीवाल्याचे पैसे
कोणी दिल्यान रे?"