तास

केंद्रप्रमुखांनी पाठवलेल्या तक्त्यात
प्रत्येक नावापुढे दोन चौकटी आहेत.
भावनिक. वर्तनविषयक.
खाली बारीक अक्षरात :
कोणत्याही एकाच चौकटीत खूण करावी.

इयत्ता दुसरी. निकेश देवराव कुमरे.
डाव्या हाताला चावतो,
म्हणजे दुसऱ्याच्या डाव्या हाताला.
शाळा उघडल्यापासून चार पाट्या फोडल्या.
आचलच्या वेणीला बाभळीचा डिंक फासला.
हापशाच्या दांड्याला लोंबकळून राहिला एकदा,
अख्खी तिसरी तहानलेली, रांगेत.
"म्याडम, थ्यानं मले चावलं."
"म्याडम, थो पाहा ना कसा पायते!"
नुसता पाहतो, त्याचीही तक्रार येते आता.

खूण सोपी होती. पेनाचं टोपण काढलंही होतं.

पण माझ्याकडे दोन वह्या आहेत.
लाल वही भांडणांची.
निळी खिचडीची; तिच्या कोपऱ्यात मी पेन्सिलनं लिहिते
कोण जेवलं नाही ते.
वच्छलाबाईंना उरलेल्या भाताचा हिशेब लागतो, म्हणून.
शनिवारी शाळा सुटल्यावर
दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या.

सात ऑगस्ट : चावला. सात ऑगस्ट : जेवला नाही.
अठरा : जेवला नाही. एकोणीस : ढकललं, गुडघा फुटला, दुसऱ्याचा.
एकोणीस : जेवला नाही.

बोट ठेवून मागे मागे गेले,
आधी काय, ते शोधत.
जेवला नाही, कारण पंगतीत शेजारी कुणी बसलं नाही.
बसलं नाही, कारण काल चावला होता.
चावला, कारण सकाळपासून पोट दुखत होतं
आणि तो एकटाच दारापाशी होता.
दारापाशी होता, कारण जुलैत मीच
त्याचं बसकर तिकडे सरकवलं.
शिस्त लागावी म्हणून.

हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

"पोट कुठं दुखते रे?"
"इथं नाई. इथं बी नाई."
मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहून,
"नाल्याच्या इकडं आलो का दुखते.
तिकडं होतो तवा नव्हतं."

माझे बाबा कपाशीत तुरीचं तास घालायचे.
सहा तासं कपाशी, एक तूर, पुन्हा सहा.
धुऱ्यावर बसून मी विचारायची,
आधी कोन निंगते जमिनीतून?
"येकाच वलीवर दोघं बी," ते म्हणायचे.
"वरून पाह्यलं तं येगळे.
खाली कोन कोनाचं पानी पेते, कोन सांगन?"
तेव्हा वाटलं होतं, उत्तर टाळताहेत.

सोमवारी ताट घेऊन
त्याच्या शेजारी फरशीवर बसले.
तो लांब सरकला.
वच्छलाबाईंनी वाढलं, तेव्हा थोडा कमी लांब.
"तुमाले बी चावीन."
"चाव. पण आधी ताट संपव."
त्यानं खरंच विचार केला, घास तोंडात धरून.
"मंग भूक नाई राहात, चावाची."
मी हसले. तो हसला नाही.
मंगळवारी त्यानं पाचवी पाटी फोडली,
आणि तुकडे स्वतःच गोळा केले,
एक खिशात लपवून.

आचल शेंडे.
हे नाव लाल वहीत नाही. निळ्या वहीतही नाही.
जेवते, ताट धुते, शेवटच्या रांगेत बसते.
फ्रॉकची कॉलर चघळते, ओली चिंब होईपर्यंत.
तिचं कुणी सांगायला येत नाही, तीही नाही.
तिनं काहीच फोडलेलं नाही.
अजून.

तक्ता शुक्रवारी द्यायचा आहे. आज बुधवार.
निकेशचं बसकर मी पुन्हा मधल्या रांगेत आणलं,
त्यानं ते वितभर मागे ओढलं, तसंच राहू दिलं.
चौकटी कोऱ्या आहेत.
आणि आचलनं कॉलर सोडून
बाही धरली आहे आता दातात.