आडनाव कडू

आमच्याकडे आधी द्राक्षं लावली होती, हे आता कोणी काढत नाही.
नाशिकहून टेम्पोत आणलेल्या पाचशे काड्या,
लोखंडी अँगल, तारा,
आणि खुशालची दोन वर्षांची तिकडची शिकवणी.
जाम नदीच्या काठी, काटोलच्या जरा अलीकडे,
पहिलाच नवतपा आला
आणि सेहेचाळीस अंशांत
घडांचे वेलीवरच मनुके झाले.
बाबा म्हणाले, "चला, वाळवायचा खर्च वाचला."
मांडव अजून उभा आहे.
त्यावर दोडके.

संत्रंही इथलं नाहीच म्हणतात.
कोणी राजाच्या परसबागेचं नाव घेतं,
कोणी पूर्वेकडच्या डोंगरांचं.
आमच्या नत्थूजी कडूंना त्यातलं काही माहीत नाही,
त्यांचा इतिहास बोटांत आहे.
जंबेरीचा खुंट, पेन्सिलीएवढा.
सालीवर इंग्रजी टीसारखी चीर,
आत संत्र्याचा एक डोळा,
वरून पट्टी.
"वीस दिवस पाहायचं नाही. पाहिलं का तो लाजते."
लहानपणी मी रात्री बॅटरी घेऊन जायची,
लाजलेला डोळा कसा दिसतो ते बघायला.
दोन कलमं मेली त्यात. मी सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नाही.

आणि तहान.
डिसेंबरात पाणी तोडायचं,
पानं कानासारखी लोंबेपर्यंत,
काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत.
शेजारचे पाटबंधारेवाले मालेकर
दर वर्षी कुंपणाशी येऊन म्हणतात,
"काऊन मारून राह्यले झाडाले?"
मग एका सकाळी मोटार चालू होते,
आणि पंधरवड्यात अख्खं शिवार
आंबिया बहाराच्या वासाने इतकं जड होतं
की काटोलची एसटी वळणावर हळू होते.
(ड्रायव्हर म्हणतो, खड्डा आहे.)

त्या साली फेब्रुवारीत गारा पडल्या.
उरलं ते सगळं चुरी,
कळमन्यात ढिगाला कोणी पाय लावून बघत नाही असं.
खुशाल म्हणाला, वाईन करू.
बी-सालीसकट मशीनमधून पिळलं, यीस्ट घातलं,
पहिल्या दिवशी रस असा गोड
की आईने रव्याच्या शिऱ्यात घातला.
आठवड्याने चव घेतली.
कडू. जिभेच्या मुळाशी बसून राहणारं,
पाहुणा निघाल्यावर दारात आठवलेल्या गोष्टीसारखं.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी. मी फळ्यावर काढून दाखवलं:
संत्रं फोडताना कडू नसतंच,
बी चिरडली, पांढरी साल रसात भिजली,
की काही तासांनी कडूपण तयार होतं.
खुशाल म्हणाला, "हे आधी सांगायचं होतं."
उत्पादन शुल्कचे साहेब अर्ज भरत होते.
उत्पादकाचे नाव?
कडू.
साहेबांनी पेन खाली ठेवलं
आणि पोट धरून हसले.
दोनशे लिटर आम्ही शेणखतात ओतलं.

सुगरताबाई उईके पलीकडच्या टोलीवरून आल्या,
निंदणाचे पैसे मागायला.
पिंपात बोट बुडवून चाखलं, थुंकल्या.
"पिळता काऊन बाप्पा?
मोहाचं फूल आम्ही कधी पिळतो का?
ते आपल्या मनानं पडते, पहाटे.
आम्ही खाली वाकतो फक्त."

पुढच्या डिसेंबरात त्या चौघीजणी आल्या.
पत्र्याखाली बसून हातांनी सोललं,
एकेक फोड उघडून बी बाजूला,
दोरे बाजूला.
नखं पिवळी, महिनाभर.
एकीला शिंका, तिला सालींकडे बसवलं नाही.
ताशी किती किलो, ते खुशालने लिहायचं सोडून दिलं.

त्याच्या पुढल्या थंडीत बाटली उघडली.
फिकी, गव्हाच्या काडाच्या रंगाची.
शेवटी किंचित कडू उरलंच होतं.
मी म्हटलं, गाळून काढता येईल, पावडर मिळते.
सुगरताबाई ग्लास पुढे करून म्हणाल्या,
"गाळाचं ते गाळा. आधी हे भरा."

बाबा पीत नाहीत.
ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले.
"विहिरीजवळची ओळ," म्हणाले,
"तिला ताण कमी बसला होता."
ग्लास ठेवला, चपला घातल्या,
आणि नव्या कलमांकडे गेले.
एकोणीस दिवस झाले होते.
पट्टीला हात न लावता
परत आले.