घन क्रमांक एक्केचाळीस

सकाळी साडेसातला बार्ज धक्क्याला टेकते
आणि मी वहीत लिहिते :
डंकर्क, पूर्व गोदी, गाळ, चार बादल्या, काळा.
काळा तो पहिली पाच मिनिटंच.
वारा लागला की करडा पडतो,
खरं बोलून टाकल्यावर माणूस पडतो तसा.

वास सडक्या अंड्यांचा.
मॅक्सान्स नवीन होता तेव्हा नाकाला रुमाल बांधायचा,
आता त्याच टेबलावर सँडविच खातो.

चाळणीवर उरतं ते आधी बाजूला :
शिंपल्यांचा चुरा, नायलॉनची दोरी, वाकलेला चमचा,
एकदा काडतूस. त्या दिवशी इमारत रिकामी,
आम्ही सगळे फुटपाथवर, कोट आतच राहिलेले.

चाळणीखाली जातो तो आमचा कच्चा माल.
वाळू म्हणवत नाही त्याला, पिठाहून बारीक.
सिमेंटात घातला की पाणी पितच राहतो,
अजून पाणी, तरी घट्ट. अजून पाणी.
पाणी कुठे मुरतंय
हे शोधायचाच मला पगार मिळतो.

मग मीठ.
पाच वेळा धुवा, सहाव्या पाण्यात ते आहेच.
गाळ मिठाला जागतो.
लोखंड जागत नाही :
मीठ खातं, आतल्या आत तांबूस फुगतं
आणि वरचं काँक्रीट एक दिवस सालीसारखं सुटतं.
म्हणून आमच्या मिश्रणात सळई नाही.
सळईवाचून जे उभं राहील तेवढंच :
लाटा अडवायचे ठोकळे, सायकलवाटेच्या कडा, बाक.

माझे वडील, आल्बेरिक देवुल्फ,
अडतीस वर्षं गाळ उपसायच्या जहाजावर.
गोदीतून काढायचा, आत नेऊन ओतायचा,
भरती तो परत आणून द्यायची.
पुन्हा काढायचा.
सूप फुंकत म्हणायचे :
समुद्राचं उसनं समुद्रालाच फेडतो आम्ही,
वर पगार घेतो, कुणाला सांगू नकोस.

आणि लहानपणी सुट्टीत ज्या तळ्यात मी पोहायला शिकले
ते तळं नव्हतंच.
वाळू नेऊन उरलेला खड्डा होता.
हे मला नोकरीला लागल्यावर, एका नकाशात कळलं.
काठ इतका सरळ कसा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.
पाणी गार होतं, एवढंच.

बारावा घन साच्यातून निघालाच नाही.
तेविसावा निघाला, पण मऊ,
माझ्या अंगठ्याचा ठसा घेऊन.
तो मी फेकला नाही, खिडकीत आहे, वर पेन्सिली असतात.
एकतिसावा बिस्किटासारखा.
मॅक्सान्सने त्याला कॉफी दाखवली.

एक्केचाळीस : वाळूतली तीस टक्के काढून गाळ.
अठ्ठावीस दिवस टाकीत, वीस अंश, अंधार.
मधे इस्टर येऊन गेला, मधे मला ताप आला.
मग पोलादाच्या दोन तळव्यांमध्ये ठेवला
आणि काटा चढू लागला.
वीस. सव्वीस.
तीसला मॅक्सान्सचं चघळणं थांबलं.
चौतीसला आवाज झाला,
दार आपटल्यासारखा, रागाचा नव्हे, वाऱ्याचा.
तुकडे ब्रशने गोळा करून
मी वहीत आकडा लिहिला, आणि खाली उगीच एक रेघ.

पालिकेने एक बाक घेतला. एकच.
आधी बघू म्हणाले, थंडी काढू दे त्याला.
त्याने थंडी काढली.

मार्चमधल्या रविवारी वडिलांना घेऊन गेले.
काठी टेकत भोवती फिरले, बसले नाहीत.
कडेवरून हात फिरवला, जिथे शिंपल्याचा एक तुकडा
चाळणीला चुकवून आलाय.
कुठल्या गोदीतला, विचारलं.
पूर्व, म्हटलं.
मग वाकून, भर रस्त्यात,
त्यांनी बाकाला जिभेचं टोक लावलं.
कुत्रा फिरवणारी एक बाई थबकली.

आहे अजून, म्हणाले,
आणि बसले.
समुद्राकडे पाठ करून.