तिसऱ्या वर्गाचं खुराडं

डबा सापडला अट्रॅक्टा टिमनीबाईंच्या शेतात,
स्लायगोपासून अकरा मैलांवर,
चाकं नसलेला, ठोकळ्यांवर बसलेला,
दाराला सुतळी, छपरावर पत्रा,
आणि आत, आरक्षण असल्यासारख्या,
एकोणीस कोंबड्या.

आम्ही चौघं गेलो होतो, शनिवारी.
युनन, जो उभा जन्म बँकेत नोटा मोजत राहिला
आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा हात काळे केले.
फेलिम वेल्डर. त्याची बहीण ब्रोना,
जी बॉयलरच्या पोटात शिरून गंज खरवडते.
आणि मी, ज्याच्याकडे फक्त थर्मास सोपवतात.

सत्तावन्न साली गाडी बंद झाली.
रूळ उपटले, पूल भंगारात गेला,
डबे विकले चार-चार पौंडांना, लाकडाच्या भावात.
"घोड्यांनी ओढत आणला," बाई म्हणाल्या,
"मी सात वर्षांची. मला वाटलं,
आता गाडी रोज आमच्याच दारात थांबणार."

युननने दाराजवळचा रंग पात्याने खरवडला.
हिरवा. कुंपण रंगवून उरलेला निळा.
डांबर. परत हिरवा. कसलासा पांढरा.
आणि सगळ्यांच्या तळाशी
शिजलेल्या बीटासारखा गडद लाल,
त्यावर अर्धा आकडा: तीन.

तो काहीच बोलला नाही.
एक खपली काडेपेटीत कापसावर ठेवली,
पोराचा दुधाचा दात ठेवावा तशी.

त्याच्या घरी, माळ्यावर, हीच लाइन आहे.
बोटभर फलाट, नखाएवढ्या दुधाच्या बरण्या,
आणि रूळ एकवीस मिलिमीटरवर, एकेक हाताने ठोकलेले,
कारण दुकानात मिळतात ते साडेसोळाचे,
परक्या मुलखाच्या मापाचे,
आणि आमचं माप पाच फूट तीन इंच.
साडेचार मिलिमीटर.
कोणाला दिसतंय, असं मी एकदा विचारलं.
महिनाभर त्याने मला शिडी चढू दिली नाही.

खिडकीची काच शाबूत होती.
ती वरखाली करायचा चामडी पट्टा मात्र नव्हता,
खाली वीतभर तुकडा लोंबत होता.
पट्टे कुठल्याच डब्यात नसतात.
वस्तऱ्याला धार लावायला त्याच्यासारखं चामडं नाही,
अख्ख्या परगण्याच्या दाढ्या
रेल्वे कंपनीने फुकट करून दिल्या.
"नवा शिवून घेऊ," ब्रोना म्हणाली.

बाई घरात गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत.
यांचं मन बदललं, असं फेलिम पुटपुटला.
मग त्या आल्या, हातात पट्टा,
मधोमध झिजून कागदासारखा झालेला,
काळा, गुळगुळीत,
वरच्या टोकाला खिळ्याचं भोक.
"मोरीच्या दारामागे असायचा," म्हणाल्या,
"शोभला तर बघा. कुठला आहे देव जाणे."

फेलिमने तो खिडकीखालच्या तुकड्याला लावला.
काप तिरका होता, घाईघाईत मारलेला,
मध्ये एकदा हात अडखळलेला.
जुळला.
तो अडखळसुद्धा जुळला.

कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.
युननने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला,
पुन्हा काढला.

"स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, असं सांगायचे,"
बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने,
आमच्याकडे न बघता,
"चार पौंड भरले की त्यांनी."

भरले, युनन म्हणाला.
हिशेब त्याला कळतो.

मग आम्ही कोंबड्या काढायला लागलो.
अठरा निघाल्या. एकोणिसावी
कोपऱ्यातल्या बाकड्यावर, पिसं फुलवून,
ब्रोनाच्या मनगटावर चोच मारून परत बसली.
"खुडूक आहे ती," बाई म्हणाल्या.
"एकवीस दिवस लागतात. आज सहावा."

फेलिमने क्रेनवाल्याला फोन लावला,
शिव्या ऐकून घेतल्या,
आणि शांतपणे सांगितलं:
गाडी पंधरा दिवस उशिराने धावत आहे.

मी थर्मास उघडला. चहा कोमट झाला होता.
बाईंनी पट्टा फेलिमच्या हातातून परत घेतला,
दोन बोटांवर गुंडाळला, उलगडला.
"तोवर असू दे माझ्याकडे," म्हणाल्या,
आणि मोरीच्या दारामागे
खिळ्याला अडकवून आल्या.