पासिंग प्लेस

रस्ता एकाच गाडीपुरता.
मधूनमधून त्याला कडेला एक फुगवटा
आणि काठीवर पांढरी पाटी: पासिंग प्लेस.
म्हणजे समोरच्याला जाऊ द्या. मागच्यालाही.

माहितीपुस्तकात हे लिहिलं होतं.
आम्ही वाचलं होतं फक्त
कुठे थांबून फोटो काढायचा ते.

डावीकडे समुद्र, शिसपेन्सिलीच्या रंगाचा,
मग ढग सरकला आणि एकाएकी इतका निळा
की वसुधा म्हणाली, हळू. अजून हळू.
भाड्याची गाडी मी विसावर आणली.
पाठीवर निळे ठिपके मारलेल्या मेंढ्या
रवंथ थांबवून बघत राहिल्या.

आरशात एक पांढरी व्हॅन होती.
बरीच वेळ होती.
हॉर्न नाही, दिवे नाहीत.
मी म्हटलं, यालाही बघायचा असेल समुद्र.

असे नऊ मैल.
वाटेत एक लाल टेलिफोनची खोली,
आत आता फोन नाही, अंडी ठेवलेली विकायला,
शेजारी पैशांचा डबा, पहारा कुणाचाच नाही.
वसुधाने काच खाली केली,
खारा वारा घुसला, नकाशा उडाला,
आम्ही हसत सुटलो.

मग पाऊस आला, आडवा.
पुढचं काही दिसेना म्हणून शिरलो एका फुगवट्यात,
भलेपणा म्हणून नव्हे.
व्हॅन पुढे गेली.
स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं त्याने, तेवढंच.
आभार मानायची इथली रीत.
शेजारी एक बाई, मांडीवर ब्लँकेट,
डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले.

रात्री सूपचे वाडगे मांडताना इशबेल म्हणाली,
पांढरी ना? रुअरीची.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटेच बायकोला घेऊन निघतो, डायलिसिसला.
परतताना ती पार गळून गेलेली असते,
कधी एकदा पाठ टेकते असं होतं तिला.
आज उशीर झाला म्हणे थोडा.
उन्हाळ्यात व्हायचंच.
मीठ देऊ का अजून?

दुसऱ्या दिवशी समुद्र होता तितकाच सुंदर,
त्याला काय.
मी आधी आरसा नीट करून घेतला.
ट्रॅक्टरला वाट दिली, टपालगाडीला दिली,
वसुधा म्हणाली, त्या मेंढीलासुद्धा?
प्रत्येकाने एक बोट उचललं (मेंढी सोडून),
मीही उचललं, आधी चुकीचं, मग बरोबर.

पांढरी व्हॅन काही आली नाही.
मंगळवार होता.