होल्डान

बेळगाव–जांबोटी–कणकुंबी, सत्तावीस वर्षं कंडक्टर.
मुक्कामाची गाडी रात्री देवळापाशी उभी,
मी आणि ड्रायव्हर हिरेमठ मागच्या सीटवर आडवे,
खाली कुंडात मलप्रभा नुकती जन्मलेली,
नदी म्हणावं असं अजून काही नाही तिच्यात.

सांगायचं एवढंच, की पाणी कुठून सुरू होतं
ते माझं बघून झालेलं होतं.
तरी रेणुकानं तिकिटं काढली.
ती, जावई बसवराज, नात इरा, मालन आणि मी.
सात रात्री, अलास्का.

बॅगा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलल्या.
सुभेदार पाटणेकरांनी सियाचीनचा कोट दिला,
म्हणाले, "घाल बिनधास्त. बर्फ वळखतंय त्याला."

जहाजात रोज रात्री उशीवर
टॉवेलचा एक प्राणी घडी करून ठेवलेला.
हत्ती, ससा, एकदा माकड.
मालननं एकही मोडला नाही.
आठवडाभर आम्ही अंग लुंगीला पुसलं.

रोज एक बंदर. उतरायचं, बघायचं,
साडेचारच्या आत परत.
उशीर झाला तर जहाज थांबत नाही, म्हणाले.
हे मला पटलं नाही.
चिखल्याच्या म्हातारीची कोंबडी सुटली
तर ती सापडेपर्यंत माझी गाडी उभी असायची.

मग एका सकाळी बर्फाचा कडा तुटला.
आधी दिसलं,
आवाज मागून चालत आला.
माझ्या तोंडून गेलं, "होल्डान!"
शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं टोपी काढली.
त्याला वाटलं, देवाचं नाव घेतलं.

तिसऱ्या बंदरावर बस होती. बारीक पाऊस.
गाईड पोरगी बोटानं डोकी मोजत होती,
मी मागून, सवयीनं,
ओंदु, एरडु, मूरु...
(शिवी माझी मराठीत, मोजणी कन्नडमध्ये.
पगार ज्या भाषेत मिळाला, तिच्यात आकडे बसले.)
चौतीस. तिचा हिशेब जुळला, माझाही.

ओढ्यापलीकडं, गवतात, तपकिरी ठिपका.
"अस्वल," बसवराज कुजबुजला.
चौतीस जणांनी श्वास धरला,
चौतीस दुर्बिणी वर.
इरानं माझा कान घट्ट पकडला
आणि मला बमू झोरे आठवला.

सकाळची पहिली फेरी. आमट्याच्या वळणावर
रस्त्याच्या मधोमध उभा,
तोंडावर घोंगडं, घोंगड्यातून रक्त.
तिकीट मागितलं नाही.
कुसमळी, किणये, पिरनवाडी,
हात करणारी माणसं मागं पडत गेली,
मी दारात लोंबकळत, रैट, रैट, रैट,
थेट सिव्हिल हॉस्पिटल.
चेहरा त्याला अर्धा परत मिळाला.

गावी आलो तशी बमू भेटायला आला,
लोण्याचा गोळा पानात घेऊन.
पायरीवर बसला. "काय बघिटलास?"
बर्फ सांगितला. देवमासा सांगितला, शेपटीपुरता.
कोटाचं कौतुक सांगितलं.
पुढं जीभ रेटेना.
पैसे भरून, रांग लावून, ते बघायला गेलो होतो
हे याला कुठल्या तोंडानं सांगू?

मालन फोनवर फोटो सरकवत होती.
बंदर, बंदर, टॉवेलचं माकड,
आणि ते आलं.

बमूनं फोन हातात घेतला.
चांगल्या डोळ्याजवळ नेला.
नातवाचं बघून शिकलेली दोन बोटं
काचेवर ताणली.
बराच वेळ काही बोलला नाही.
गल्लीतून गॅसची गाडी गेली, तिचं गाणं संपलं.

"मादी हाय," म्हणाला.
"मागं पिल्लू बसलंय बघ. ह्ये काळं.
मोजलास नाही काय?"

मी चष्मा पुसला.
होतं.
दगडांत दगड होऊन,
आमची गाडी कधी निघते
त्याची वाट बघत.