ओलं फडकं

रविवारी पार्किंगमध्ये पेपर अंथरून
तिला पुरती उघडली होती मी.
ऑइल बदललं, टॅपेट सेट केले,
सायलेन्सर उतरवून गंज घासला, काळा रंग दिला,
आणि सगळं परत लावल्यावर
पेपरवर एकही नट उरला नाही
याचा कोण अभिमान.

सोमवारी पहिल्याच किकला
टक् टक् टक् टक्.
रेस दिली की भरभर, सोडली की सावकाश,
आत कुणी शिलाई मशीन घेऊन बसल्यासारखं.

वॉचमन ढमाले म्हणाला, पिस्टन गेला साहेब.
मेहुणा म्हणाला, टायमिंग चेन. मग म्हणाला, विकून टाक.
वरच्या गोगटे वहिनींनी गॅलरीतून विचारलं,
अजून किती दिवस चालणार आहे हे?
आवाजाबद्दल विचारलं की गाडीबद्दल, कळलं नाही.

झाकण पुन्हा काढलं.
गेजची पत्ती सरकवून पाहिली,
अडते पण निघते, हवी तशी.
रात्री पडल्या पडल्या तोच ठेका.
उठून भिंतीवरचं घड्याळ काढलं
आणि स्वयंपाकघरात ठेवून आलो.

एक गोष्ट मात्र दिसत होती, मीच बाजूला सारत होतो:
दत्तवाडीतून निघताना खणखणीत,
स्वारगेटच्या सिग्नलला अर्धा,
नाना पेठेत पोचेपर्यंत जवळजवळ नाहीसा.
दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, तसं.

तांबोळी म्हणाला, राहू दे इथेच.
सकाळी गार असताना ऐकतो.

साडेसातला गेलो तर त्याच्या हातात पानासुद्धा नाही.
शेजारच्या टपरीवरून ओलं फडकं मागून आणलं,
किक मारली, टक् टक् सुरू झालं,
आणि सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे मिळतो
तिथे त्यानं ते दाबून धरलं.

बंद.

उचललं, टक्. दाबलं, बंद.
तीनदा करून दाखवलं,
पाढा अडलेल्या पोराला म्हणून दाखवावा तसं.

"आत काही नाही. हवा निसटतेय इथून.
गॅस्केट नवं टाकलं होतं?"

चाळीस रुपयांची तांब्याची चकती.
जुनी, दाबून दाबून चपटी झालेली,
मीच रॉकेलनं पुसून परत बसवलेली,
कारण दिसायला बरी होती.

"तापलं की फुगतं, फट बुजते," तो म्हणाला,
"माझ्याकडे येईस्तोवर म्हणून बरी व्हायची."
फडक्यातून वाफ निघत होती. टपरीवाला परत मागत होता.

आठ दिवस मी आतलंच काय काय संशयानं पाहिलं,
पिस्टन, चेन, कॅम, तिचं वय,
मग माझं.

ऐकण्याचे पैसे तांबोळीनं घेतले नाहीत.
चकतीचे चाळीस मात्र सुट्टे मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात गोगटे वहिनी:
आज ऑफिसला गेला नव्हतात का?
गेलो होतो, म्हटलं.

घड्याळ अजून स्वयंपाकघरातच आहे.
नीला म्हणते, राहू दे, कुकरला बरं पडतं.